दक्षिण गोलार्धाच्या अगदी टोकाकडे जायचं तर कोणती नैसर्गिक ठिकाणं पाहावीत?

दोन आठवडे हाताशी आहेत, शहरं नकोत, डोंगर-बर्फ-पाणी हवंय आणि नकाशावर जितकं खाली जाता येईल तितकं जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर पॅटागोनिया, म्हणजे अर्जेंटिना आणि चिली यांचा दक्षिणेकडे निमुळता होत जाणारा भाग. आणि तिथलं एकच ठिकाण निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून पेरितो मोरेनो हिमनदीचं नाव घेईन.

एल कालाफाते हे अर्जेंटिनातलं छोटं गाव. ब्युनोस आयरेसहून तिथे विमानाने जाता येतं. गावापासून साधारण ८० किलोमीटरवर, लोस ग्लासियारेस राष्ट्रीय उद्यानात ही हिमनदी आहे. ३० किलोमीटर लांब, आणि सरोवराला भिडते तिथे तिची कडा सुमारे ५ किलोमीटर रुंद. पाण्याच्या वर दिसणारा बर्फच जवळपास वीस मजली इमारतीएवढा उंच. पण मी तिच्या प्रेमात पडलो तो आकारामुळे नाही. ही हिमनदी तुमच्या डोळ्यांदेखत काम करत असते. मधल्या भागात बर्फ दिवसाला दोनेक मीटर पुढे सरकतो आणि टोकाला तुटून पाण्यात कोसळतो. आधी कडेवरून एखादी भिंत सुटताना दिसते, गडगडाट नंतर येतो, आणि मग लाट. पुढचा तुकडा कुठून पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सगळे लाकडी-लोखंडी पायवाटांवर तासन्‌तास उभे असतात, आणि अनोळखी माणसंही एकमेकांना बोट दाखवून ‘तिकडे, तिकडे’ सांगतात.

तिचा खरा चमत्कार मात्र काही वर्षांनी एकदा घडतो. हिमनदी सरकत सरकत समोरच्या मागायानेस द्वीपकल्पाला टेकते आणि लागो अर्जेंटिनो सरोवराचा दक्षिणेकडचा फाटा बाकीच्या पाण्यापासून तोडते. म्हणजे बर्फाचं धरणच बांधलं जातं. अडलेलं पाणी चढत जातं, कधी कधी वीस-तीस मीटरपर्यंत. मग ते बर्फाखालून वाट काढतं, बोगदा रुंदावत जातो, त्याची कमान होते आणि शेवटी ती कमान कोसळते. १९८८ नंतर हे थेट २००४ मध्ये घडलं, पुढे थोड्या थोड्या वर्षांनी होत राहिलं. २०१८ मध्ये कमान रात्री पडली आणि दिवसभर ताटकळलेल्या लोकांना काहीच दिसलं नाही! ही घटना गाठायची म्हणून सहल आखू नका, तिला वेळापत्रक नाही.

एक वाईट बातमीही सांगायला हवी. जगभरच्या हिमनद्या मागे हटत असताना पेरितो मोरेनो कित्येक दशकं जवळपास जागच्या जागी होती, आणि याचं सगळ्यांनाच अप्रूप होतं. गेल्या काही वर्षांत तीही मागे सरकू लागली आहे. त्यामुळे ‘पुढे कधीतरी जाऊ’ असा विचार असेल तर तो बदला.

बहुतेक सहल कंपन्या इथे अर्धा दिवस देतात. माझा आग्रह आहे की पूर्ण दिवस द्या. जमलं तर दुसऱ्या दिवशी बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) लावून वाटाड्याबरोबर बर्फावर चाला. भेगांमधला निळा रंग फोटोत येतो त्याहून कितीतरी गडद असतो. स्वतःच्या वजनाने दाबला जाऊन बर्फातली हवा जवळजवळ निघून जाते, आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून तो निळा दिसतो.

दुसरं ठिकाण चिलीतलं तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान. कालाफातेहून बसने सीमा ओलांडून पुएर्तो नातालेसला यायचं आणि तिथून उद्यानात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी हे डोंगर नीट न्याहाळावेत. आपले कडे म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. इथे सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी शिलारस जुन्या गाळाच्या खडकांत घुसला, जमिनीखालीच थिजून ग्रॅनाइट झाला आणि नंतर हिमनद्यांनी वरचं आवरण खरवडून काढलं. ‘कुएर्नोस’ नावाच्या शिखरांवर तर फिक्या ग्रॅनाइटच्या डोक्यावर जुन्या खडकाची काळी टोपी अजून शिल्लक दिसते. उद्यानाला ज्यांचं नाव मिळालं त्या तीन सुळक्यांच्या पायथ्याच्या तळ्यापर्यंत जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर चाल आहे, शेवटचा टप्पा मोठाल्या धोंड्यांवरून. दिवसभर लागतो, पण नियमित ट्रेक करणाऱ्याला जड नाही. जड जातो तो वारा. अंगावरची छत्री-रेनकोटची सवय विसरा, घट्ट बसणारं विंडचीटर घ्या. आणि उघड्यावर काहीही पेटवू नका. २००५ आणि २०११ मध्ये पर्यटकांच्या हलगर्जीपणामुळे लागलेल्या आगींत इथलं हजारो हेक्टर रान जळालं, आणि या थंडीवाऱ्यात ते परत उभं राहायला फार वर्षं लागतात.

‘जगाच्या टोकाचं शहर’ म्हणून मिरवणारं अर्जेंटिनातलं उशुआइया आणि त्याच्या समोरची बीगल खाडी यांबद्दल थोडक्यात: सागरी सिंह, पाणकावळे, पेंग्विन, बोटीची छान फेरी. दिवस उरले तर जा. ‘जगाच्या टोकाला’ गेल्याचा शिक्का हवा एवढ्यासाठी हिमनदीवरचा दिवस कापू नका. तसंही खाडीपलीकडचं चिलीचं पुएर्तो विल्यम्स त्याहून दक्षिणेला आहे.

वेळ नोव्हेंबर ते मार्च. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे हिवाळा तोंडावर असतो आणि बरीचशी निवासं बंद झालेली असतात, त्यामुळे मुलांच्या शाळा असल्या तर दिवाळीला जोडून किंवा नाताळात जमवा. डिसेंबरात उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो. फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, दुपारी सूर्य उत्तरेला असतो. रात्र निरभ्र मिळाली तर महाराष्ट्रातून क्षितिजाजवळ कसाबसा दिसणारा त्रिशंकू तिथे उंच चढलेला सापडेल. ध्रुव तारा मात्र दिसणार नाही.

तोरेसमधला मुक्काम काही महिने आधी ठरवा, आयत्या वेळी तंबूलाही जागा मिळत नाही. व्हिसा दोन्ही देशांचे वेगळे बघावे लागतात. आणि चिलीच्या सीमेवर फळं, कच्च्या भाज्या, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांची कसून तपासणी होते. लाडू-चिवडा जे काही घरून न्याल ते फॉर्मवर स्वतःहून लिहा आणि डबा उघडून दाखवा. लपवलेलं सापडलं तर दंड मोठा असतो, लिहिलेलं फार तर काढून घेतात.