वण, व्रण की केलॉइड? (मधे चिंबोरीपण येते)

प्रश्न असा होता: भाचीने दादरला कानाला वरच्या बाजूला अजून एक भोक पाडून घेतलं, चारेक महिन्यांनी तिथे टणक गुळगुळीत गोळा आला, आई म्हणते मांस वाढलंय, आजी म्हणते वण फुगलाय, डॉक्टरांनी कागदावर केलॉइड लिहिलं. तर मराठीत नेमकं काय म्हणायचं, 'व्रण' लिहिलं तर चालेल का?

व्रण तर लिहूच नका. संस्कृतात व्रण म्हणजे मुळात जखम, आणि वैद्यकात अजून तोच अर्थ चालतो, जठरव्रण म्हणजे पोटातला अल्सर, तो काही भरून आलेला नसतो. पेपरातली मराठी मात्र जखमेच्या खुणेला सर्रास व्रण म्हणते. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेतच या शब्दाची फोड अशी केलीय की भरून आला तरी ज्याची खूण देह असेपर्यंत जात नाही तो व्रण, म्हणजे घोळ जुनाच आहे. पण इथे तो महागात पडू शकतो. अशा गाठीवर लावतात ती सिलिकॉनची पट्टी किंवा जेल पूर्ण बंद झालेल्या जखमेवरच लावायचं असतं, आता 'व्रणावर लावा' असं कोणी लिहिलं तर ते उघड्या जखमेवरपण लावलं जाईल की नाही?

'वण' हा त्याच व्रणचा घरगुती भाऊ, ग्रामचं गाव झालं तसा मधला र गळला, आणि मराठीत त्याने एकच अर्थ धरून ठेवला: जखम भरली, खूण राहिली. देवीचे वण आपण म्हणतोच. वळ वेगळा, तो छडीचा, उतरतो. डाग नुसता रंगाचा.

पण आजीचा वणपण इथे पुरता बसत नाही, कारण वण जखमेची हद्द सोडत नाही. त्वचेचे डॉक्टर इथेच फरक करतात. जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचा धागा विणतं, ते विणणं वेळेवर थांबलं नाही की वण उंच होतो, लाल होतो, खाजतो. जखमेच्या रेषेतच राहिला तर त्याला हायपरट्रॉफिक स्कार म्हणतात, हा बहुतेक वेळा दोनेक महिन्यांत दिसायला लागतो आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत थोडा बसतोही. याला मी खुशाल 'उंच वण' म्हणेन. केलॉइड मात्र हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो, कधी कधी जखम विसरल्यावर महिन्यांनी उगवतो आणि आपणहून सहसा जात नाही. कानाची पाळी, छाती, खांदे या त्याच्या आवडत्या जागा, सावळ्या कातडीत जास्त, घरात कोणाला असेल तर अजून जास्त.

आता चिंबोरी, म्हणजे खेकडा. आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला आधी कॅन्सरसारखा अशा अर्थाचं नाव दिलं, मग हा कॅन्सर नाही म्हणून ते बदलून केलॉइड केलं, ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून, कारण याच्या कडा नांग्यांसारख्या बाजूला पसरतात. म्हणजे कर्करोगातून खेकडा काढला आणि त्याचीच नांगी ठेवली! मराठीत 'नांगीवण' करता येईल, पण कोणी वापरणार नाही, केलॉइडच राहू दे. बाकी आईचं 'मांस वाढलंय' हे अगदी लोकांच्या तोंडचं आहे, फक्त ते मांस नसतं, आणि मांस म्हटलं की माणूस लगेच कापायचा विचार करतो. तिथेच फसतो, कारण नुसता कापला तर केलॉइड बऱ्याचदा परत येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा. दोरा बांधून पाडणं, चुना लावणं, हे तर मुळीच नको.

डॉक्टर बहुधा गाठीतच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतील, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने काही वेळा, दुखतं जरा, पण गाठ मऊ पडते आणि खाज कमी होते. काही ठिकाणी गोठवतात. कापलाच तर मागून इंजेक्शन, रेडिएशन किंवा कानाला दाब देणारी क्लिप असं काहीतरी जोडीला लागतं. सिलिकॉन रोज बारा तास तरी आणि काही महिने लावावं लागतं, आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून फेकायचं नाही. आणि भाचीला दुसऱ्या कानाला भोक पाडायचं असेल तर कृपया थांबवा, एकदा झालं त्याला परत व्हायची शक्यता चांगलीच असते, छातीवरच्या पिंपल्स फोडणंपण बंद.

तर कागदावर 'कानावर केलॉइड' लिहा. आजीने विचारलं तर सांगा, वण जागा सोडून वाढलाय. तिला बरोबर कळेल.