उणे वेगळं, वजा वेगळं : पूर्णांकांच्या वजाबाकीवर वाचकांचे प्रश्न

मुलगा सहावीत आहे. (−३) − ५ याचं उत्तर तो +८ लिहितो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘मायनस मायनस प्लस, बाईंनीच सांगितलंय.’ चुकतंय कुठे? — एक आई, नाशिक

त्या घोषवाक्यातच. ‘मायनस मायनस प्लस’ पाठ झालं की मुलाला कुठेही दोन आडव्या रेघा दिसल्या तरी तो त्यांची फुली करून मोकळा होतो. इथे पहिली रेघ तीनची आहे, ती संख्या ऋण आहे असं सांगते. दुसरी रेघ क्रिया सांगते. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

मराठीत याला सोपा उतारा आहे, पण तो आपण विसरत चाललोय. आपल्याकडे दोन शब्द आहेत : संख्येच्या चिन्हाला ‘उणे’, क्रियेला ‘वजा’. (−३) − ५ म्हणजे ‘उणे तीन वजा पाच’. ३ − (−५) म्हणजे ‘तीन वजा उणे पाच’. आठवडाभर त्याला पेन्सिल हातात न घेता गणितं नुसती मोठ्यांदा वाचू द्या. ‘मायनस’ या शब्दाला घरात तेवढे दिवस बंदी. ‘वजा उणे’ अशी जोडी कानावर पडली, तरच अधिक करायचं. ‘उणे तीन वजा पाच’मध्ये ती जोडी नाहीच. वाण्याकडे तीन रुपये उधारी होती, आणखी पाचचा माल उधार आणला, तर उधारी आठ. उत्तर −८.

वजा केलं की कमी व्हायला हवं ना? मग ३ − (−५) हे ८ कसं? नातीला उधारी माफ केल्याचं उदाहरण दिलं, तर ती म्हणाली, ‘माझ्याकडे तीन रुपये आहेत, उधारी नाहीच. मग माफ काय करणार?’ मी गप्प बसलो. — एक आजोबा, सातारा

नात हुशार आहे. उधारीचं उदाहरण (−५) − (−३) ला छान चालतं : पाचची उधारी, त्यातली तीन माफ, उरली दोन, म्हणजे −२. पण हातात उधारीच नसेल तर ते लंगडं पडतं, आणि ते पोरीने बरोबर पकडलं.

चिंचोके घ्या. सोंगट्या खेळताना फोडतो तसे मधून फोडा. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पांढरा म्हणजे +१, तपकिरी म्हणजे −१. एक पांढरा आणि एक तपकिरी शेजारी ठेवला की दोघं मिळून शून्य. ही शून्याची जोडी तिच्या हाताला पक्की बसू द्या, घाई करू नका.

आता तीन पांढरे मांडा. यातून पाच तपकिरी काढायचे आहेत, पण ताटलीत एकही तपकिरी नाही. मग शून्याच्या पाच जोड्या टाका. किंमत बदलली का? नाही, शून्यच टाकलंय. आता ताटलीत आठ पांढरे आणि पाच तपकिरी आहेत. पाच तपकिरी उचला. आठ पांढरे उरले.

तिला स्वतःलाच एक गोष्ट दिसेल, तुम्ही सांगू नका : जोड्या टाकून तपकिरी उचलले काय, किंवा नुसते पाच पांढरे वाढवले काय, ताटली तीच. पुस्तकातला ‘विरुद्ध संख्या मिळवा’ हा नियम तो हाच. चिंचोका उलटा करायचा आणि मिळवायचा.

संख्यारेषेवर ‘तोंड फिरवा, मागे चाला’ अशा सूचना देते. मुलं गोंधळतात. — एक शिक्षिका, लातूर

मीसुद्धा गोंधळतो. त्या सूचना सोडून द्या. फक्त विचारा : दुसऱ्या संख्येपासून पहिल्या संख्येपर्यंत जायला किती पावलं, आणि कुठल्या दिशेला? ३ − (−५) साठी −५ वरून ३ वर जायचं, आठ पावलं उजवीकडे, +८. (−५) − ३ साठी ३ वरून −५ वर, आठ पावलं डावीकडे, −८. कळसूबाई १६४६ मीटर उंच, मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीच्या खाली, सुमारे −४३० मीटर. दोन्हींतला फरक मुलं न शिकवता २०७६ सांगतात, आणि तीच १६४६ − (−४३०) ही वजाबाकी असते.

‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ असं दुसरीत शिकवलं, आता जाते म्हणतात! — एक पालक, ठाणे

दुसरीतच ‘आपल्याला अजून जमत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुढे २ − ७ चं उत्तर ५ लिहिणारा अर्धा वर्ग त्या चुकीतून वाचला असता.

इथल्या लिफ्टमध्ये −१ नंतर थेट १ येतो. −२ वरून ५ वर गेलो तर ७ मजले होत नाहीत. मुलीचं म्हणणं, नियम खोटा. — एक वाचक, न्यू जर्सी

नियम खरा आहे, लिफ्टमध्ये शून्य नाही. आपल्याकडे तळमजला शून्याची जागा घेतो, तिकडे त्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणून सातातून एक कमी, सहा. इतिहासातही हाच खड्डा आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३ मध्ये जन्मला, इ.स. १४ मध्ये वारला. १४ − (−६३) = ७७, पण शून्य साल नाही म्हणून ७६, आणि वाढदिवसाला महिनाभर बाकी होता म्हणून वय ७५.

‘वजा उणे म्हणजे अधिक’ हा नियम इंग्रजांबरोबर आला का? — एक विद्यार्थी, चाळीसगाव

चाळीसगावाहून हा प्रश्न यावा, याची गंमत वाटली. इ.स. ६२८ मध्ये गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त लिहून ठेवलं की शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं. पुढे ‘बीजगणिता’त भास्कराचार्य सांगतात, वजा करायची संख्या धन असेल तर ऋण होते, ऋण असेल तर धन होते, मग बेरीज करा. चिंचोका उलटणं तेच! त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख तुमच्या जवळच, पाटणादेवीला आहे. एकदा जाऊन या. आणि भास्कराचार्य ऋण संख्येमागे रेघ काढत नसत, तिच्या डोक्यावर टिंब देत. नाशिकच्या त्या मुलाची चूक त्यांच्या शिष्याला करताच आली नसती.