जुनी स्पोर्ट्स कार विकताय? आधी रंगकाम थांबवा

ठाणे-नवी मुंबईतून हल्ली तेच तेच प्रश्न येतायत आणि त्यातले निम्मे कोणीतरी कानात भरवलेले असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

१९७२ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), घेतल्यापासून आमच्याच घरात. किती येतील? (घोडबंदर रोड)

फोटोवरून भाव सांगत नाही. जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा, आणि परदेशी लिलावातला आकडा इथे लावू नका.

१५ वर्षांवरची गाडी भंगारात द्यावीच लागते ना? (वाशी)

नाही. ते दिल्ली-एनसीआरचं ऐकून बोलतात लोक. तुमची आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, रिन्यू आहे का तेवढं बघा. २० वर्षांवरच्या गाड्यांची रिन्यूअल फी २०२५ मध्ये वाढली, इम्पोर्टेडची तर फारच, त्यामुळे आधी आरटीओत चौकशी करा.

एजंट म्हणतो फुल पेंट मारा, सीट नव्या करा, जास्त पैसे येतील. दाराखाली रंग फुगलाय. (नौपाडा)

कृपा करून मारू नका! हा सल्ला देणाऱ्याचं गॅरेजवाल्याशी कमिशन ठरलेलं असतं हे मी किती वेळा सांगायचं. एमजीबीला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार घेते आणि त्यात दाराखालची ती लांब पोकळ पेटी सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे खाडीची हवा, वर चार महिने पाऊस, पाणी आत साचतं, पत्रा आतून सडत येतो आणि बाहेर रंगाला फोड येतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी चकाचक दिसते पण आतून पोकळच, दार उघडलं की खाली बसतं, आणि अशी गाडी कोणी हायवेला नेली तर काय होईल याचा विचार करा. जाणकार गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन येतो, दाराखाली फिरवतो, चिकटला नाही की तिथेच बोलणी संपतात. उलट घासून गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या बाजूला खचलेली सीट, डिकीच्या कार्पेटखाली टिकलेला कंपनीचा रंग, हाच तर गाडी इतकी वर्षं एका घरात होती याचा पुरावा आहे, तो एकदा घासून काढला की परत येत नाही. गाडी फक्त धुवा. गंज लपवू नका, त्याचे जवळून फोटो काढून ठेवा. जुनी सर्व्हिसची बिलं, इन्शुरन्स, टॅक्सच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथून चेसिस नंबरवर हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय ते येतं, ते मागवा. आणि एजंटच्या ओळखीच्या नसलेल्या जाणकाराकडून गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासून घ्या, मगच भावाचं बोला.

पूर्वी कधीतरी इंजिन बदलून अॅम्बेसेडरचं बसवलंय. सांगायचं का? (कळवा)

सांगायचंच. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजची म्हणून बसतं, पण एमजीबीचं १७९८ सीसी आणि जुन्या अॅम्बेसेडरचं १४८९, बघणाऱ्याला कळतंच. आरसीवरचा इंजिन नंबर जुळतो का बघा, नसेल तर विकायच्या आधी आरटीओत नोंद करून घ्या.

५० वर्षं झाली, व्हिंटेज गाड्यांना मिळतो तो व्हीए नंबर घेऊन विकू? (नेरूळ)

घाई नको. २०२१च्या नियमात नवीन नोंदणीला २०,००० रुपये आहेत, ती १० वर्षं चालते, पण इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल चालत नाही आणि गाडी रोज फिरवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती वगैरेसाठी. घेणाऱ्याला रोज चालवायची असेल तर तो अडकेल. त्याला विचारा, मग आरटीओला.

वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर. एजंट कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतोय. (कोपरी)

अजिबात देऊ नका! आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा, त्याला तीन महिन्यांची मुदत असते, उलटून गेली असेल तर उद्याच आरटीओत जा. नंतर विकताना मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, खरेदीदाराचं नाव-पत्ता लिहूनच सही. आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावरच अपघाताची जबाबदारी येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, त्यामुळे "करू सावकाश" म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, दंड तेवढाच बसू शकतो. वारस एकापेक्षा जास्त असतील तर वकील गाठा आणि पैशांचं सीएला विचारा, एजंटला नाही.