गुण गेला, मन तिथंच राहिलं

"घरी सगळं जमतं हो मॅडम, पण ऐन वेळी डोकं बंद पडतं."

हे वाक्य माझ्याकडे सतत येतं. बोलणारा कधी स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला निघालेला मुलगा असतो, कधी तोंडी परीक्षेच्या धसक्याने झोप उडालेला मेडिकलचा विद्यार्थी, कधी पहिलीच तान घसरल्यावर पुढचा अख्खा राग विसरणारी एखादी गृहिणी. पाठोपाठ मागणीही ठरलेली असते: "माझी ही भीती काढून टाका." या मागणीवर मी जे सांगते, ते मृण्मयीच्या गोष्टीतून सर्वांत नीट कळेल. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शाळेपासून कराटे शिकत होती. ब्लॅक बेल्ट मिळालेला, काता, म्हणजे एकटीने करायच्या ठरलेल्या हालचाली, सुरेख. पण कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, पहिला गुण समोरचीने घेतला की हिचे हातपाय जड व्हायचे. कॅम्पस मुलाखतीतही तेच. एक उत्तर चुकलं की पुढचे सोपे प्रश्नही हातचे जायचे. येताना ती उपायही घेऊनच आली होती. फोनच्या वॉलपेपरवर तलवार उपसलेला सामुराई, म्हणजे जुन्या काळचा जपानी योद्धा, होता.

"सामुराईला भीती वाटायची नाही, कारण तो स्वतःला आधीच मेलेला समजायचा. मला तसं व्हायचंय."

"आणि भीती गेली नाही तर?"

"मग मी कराटे सोडेन."

सामुराई म्हणजे दगडाच्या काळजाचा माणूस, ही समजूत मला तरुण मुलांमध्ये फार दिसते. खरं तर कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं, रिकाम्या हातांचं. तलवार ही सामुराईंची. पण तलवारीच्या अभ्यासातून आलेली मनाची शिकवण पुढे सगळ्याच जपानी युद्धकलांमध्ये मुरली. ती शिकवण ज्यांनी शब्दांत मांडली, त्यांनी भीती मारून टाकायला सांगितलेलं नाही. सतराव्या शतकात ताकुआन सोहो या झेन पंथाच्या बौद्ध भिक्षूंनी यग्यु मुनेनोरी यांना एक दीर्घ पत्र लिहिलं. मुनेनोरी म्हणजे जपानचे लष्करी शासक, शोगुन तोकुगावा इएमित्सु यांचे तलवारीचे गुरू. पत्राचा सारा रोख एका गोष्टीवर आहे: मन कुठे थांबतं? समोरच्याच्या तलवारीवर थांबलं तर घात, स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी घात. ताकुआन सहस्रभुज कान्नोनचा दाखला देतात. कान्नोन म्हणजे आपले बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. हजार हातांपैकी धनुष्य धरलेल्या एका हातावर मन खिळलं, तर उरलेले ९९९ हात निरुपयोगी होतील, असं ते म्हणतात.

मृण्मयीला हे पटकन पटलं, आणि नेमकं तेच नडलं. पुढच्या भेटीत ती आणखी वैतागून आली.

"मॅडम, मन अडकू द्यायचं नाही असं पक्कं ठरवून उतरले. पूर्ण लढतभर तेच बघत होते, अडकतंय का, अडकतंय का. आधीपेक्षा वाईट हरले."

मी तिला लढतींचे व्हिडिओ आणायला सांगितले. बाबा प्रत्येक स्पर्धेला येऊन शूटिंग करत असत. आम्ही ते आवाज बंद ठेवून पाहिले. ती गुण गेल्याचे क्षण दाखवत होती. मी मात्र तिने स्वतः गुण मिळवल्यानंतरचे क्षण थांबवून थांबवून पाहत होते. एका लढतीत तिची लाथ सुरेख बसली होती. पंचांचा हात वर गेला. पुन्हा सुरू होताच दोन-तीन सेकंदांत समोरचीचा ठोसा हिच्या छातीवर. दुसऱ्या व्हिडिओत तेच. तिसऱ्यातही.

"इथे तू कुठे बघते आहेस?"

तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. "स्कोअरबोर्डकडे."

"आणि इथे?"

"बाबांकडे." मग बराच वेळ ती गप्प होती. "पण तेव्हा तर मी खूश होते. घाबरले नव्हते."

"हो ना. मग गुण का गेला?"

हा प्रश्न विचारताना मला आतून जी खात्री वाटली, ती इतक्या वर्षांच्या कामाची कमाई आहे असं मी मानते. आपण ज्याला भीतीचा प्रश्न म्हणतो, तो बहुतेकदा थांबण्याचा प्रश्न असतो. मृण्मयी हरलेल्या गुणापाशी थांबत होती, तशीच जिंकलेल्या गुणापाशीही. भाकरी थापताना तव्यावरची एक करपली म्हणून तिच्याकडेच बघत राहिलं, तर दुसरी करपते; आणि टम्म फुगली म्हणून कौतुकाने बघत राहिलं, तरीही करपतेच.

त्या दिवशी मी तिला मुनेनोरींचं म्हणणं सांगितलं. १६३२ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याची विद्या लिहून ठेवली. त्यात ते आजारांची यादी देतात. जिंकण्याचाच एकसारखा विचार हा आजार, आपलं कौशल्य दाखवण्याची ओढ हा आजार, हल्ला करायचाच किंवा थांबायचंच यावर अडून बसणं हाही आजार. आणि शेवटी, या सगळ्या आजारांपासून सुटायचंच, या एकाच विचाराने घट्ट होणं, तोही आजारच.

मृण्मयी मोठ्याने हसली. कित्येक भेटींत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे मागच्या स्पर्धेत मी शेवटच्या आजाराने हरले!"

इथून काम सोपं झालं. माझा कल मोरितांच्या विचाराकडे आहे, हे लपवत नाही. शोमा मोरिता (१८७४–१९३८) हे जपानी मनोविकारतज्ज्ञ. विद्यार्थिदशेत ते स्वतः धडधड आणि चिंतेने हैराण होते. १९१९च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धत उभी केली. रुग्णाला आधी पूर्ण विश्रांती, मग हळूहळू अंगमेहनतीचं काम. धडधड होते आहे? होऊ दे. हातातलं काम कर. तलवारीचे गुरू आणि मोरिता दोघांवरही झेनचा संस्कार आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं एकमेकांत सहज मिसळतं.

आम्ही तिच्या सेन्सेईंशी, म्हणजे कराटेच्या गुरूंशी, बोललो. सरावातली प्रत्येक लढत तिने शून्य-एक अशा पिछाडीवरूनच सुरू करायची. कुमितेच्या नियमांत समोरच्याला त्याच क्षणी गुण न मिळता पहिला गुण घेणाऱ्याला 'सेन्शु', म्हणजे पहिल्या गुणाचा फायदा, मिळतो, आणि बरोबरी झाली तर त्यालाच विजय. म्हणजे पहिला गुण गेल्याची तिची घालमेल निराधार नव्हती. पण रोज त्याच जागेवरून सुरुवात केल्यावर ती जागा ओळखीची झाली. नजरेसाठी बुदोतली, म्हणजे जपानी युद्धकलांमधली, जुनी शिकवण वापरली: दूरच्या डोंगराकडे पाहावं तसं समोरच्याकडे पाहायचं, त्याच्या मुठीवर नजर रोवायची नाही.

घरासाठी मी तिला झानशिन दिलं. हा शब्द तिला क्लासमुळे माहीत होता: वार झाल्यानंतरही टिकून राहणारी सावधता. कराटेत गुण देताना पंच ती पाहतात. केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, तर वार बसल्यावर आनंदाने मूठ उंचावली, तर मिळालेला गुण रद्द होऊ शकतो. इआयदोत, म्हणजे तलवार म्यानातून उपसण्याच्या कलेत, तलवार म्यानात परत ठेवणं हे वार करण्याइतकंच लक्ष देऊन शिकवतात, कारण म्यानाचं तोंड डाव्या हाताच्या बोटांत असतं आणि पातं त्यांच्यावरूनच सरकतं. मृण्मयीने दिवसातली साधी कामं अशी पूर्ण करायची होती. मेसेज पाठवला की फोन खाली ठेवायचा, दोन निळ्या रेघांची वाट बघायची नाही. गणित चुकलं की चूक वहीत एका ओळीत लिहायची आणि लगेच पुढचं गणित वाचायला घ्यायचं. सुरुवातीला ती कंटाळली. हे फार किरकोळ वाटतं, म्हणाली. मी आग्रह धरला. लढतीतला क्षण वर्षातून काही वेळाच येतो, म्यान करण्याचे क्षण मात्र दिवसभर येत असतात.

पुढच्या स्पर्धेत ती उपांत्य फेरीत हरली. पण पहिला गुण गेल्यावर सलग दोन गुण तिने घेतले होते, आणि सांगताना ती हरण्याबद्दल कमी आणि त्या दोन गुणांबद्दल जास्त बोलली. मुलाखतीत तिसरं उत्तर चुकलं. "छातीत धडधड होतीच मॅडम. तशीच चौथ्या प्रश्नाला बसले." नोकरी मिळाली.

असाच त्रास असेल तर तुम्हाला माझा सल्ला: भीती जाण्याची वाट पाहू नका. पुढची कृती कोणती, एवढंच शोधा, आणि ती इतकी लहान असू द्या की धडधडत्या छातीनेही करता येईल: समोरच्याचा प्रश्न मनात पुन्हा म्हणणं, सा लावणं, पाय पुन्हा पवित्र्यात आणणं. फक्त सगळं सुरळीत चालेल तेवढाच सराव करू नका. मुद्दाम चूक करा, आणि चुकीनंतरच्या सेकंदाचा सराव करा. बहुतेकांच्या तयारीत नेमका तोच राहून गेलेला असतो.

आईबाबांनाही एक विनंती. मृण्मयीचे बाबा प्रेमानेच शूटिंग करत होते, पण प्रत्येक गुणानंतर तिची नजर त्यांच्या चेहऱ्याकडे वळत होती. नंतर ते तिला दिसणार नाही अशा जागी बसू लागले. मुलाची लढत किंवा परीक्षा संपल्यावर निदान घरी पोहोचेपर्यंत "ते कसं काय चुकलं?" विचारू नका. आणि धडधड, घाम, श्वास कोंडणं हे परीक्षा-स्पर्धेच्या बाहेरही होत असेल, झोप-भूक गेली असेल किंवा मूल कॉलेजला जायचंच टाळत असेल, तर आधी डॉक्टर किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. वर सांगितलेला सराव त्यांच्या उपचारासोबतही करता येतो.