कॅमेरा कोणाच्या हातात आहे? रानात तग धरण्याच्या कार्यक्रमांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळी भटकंतीविषयी मागे या सदरात लिहिले, तेव्हा आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पायवाटांविषयी नसून दूरचित्रवाणीवरील साहसी कार्यक्रमांविषयी होती. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात या कार्यक्रमांवरून रोज वाद होतो. मुलगा बेअर ग्रिल्सला देव मानतो आणि यजमान म्हणतात की हे सगळे नाटक आहे. खरे कोणाचे? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : यजमानांच्या बाजूने पुरावा अधिक आहे, पण ‘नाटक’ हा शब्द त्यांनी जरा सैल वापरला आहे. ग्रिल्स यांच्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या कार्यक्रमाविषयी 2007 मध्ये मोठे वादळ उठले होते. त्या कार्यक्रमासाठी काम केलेल्या एका सल्लागाराने सांगितले की, निर्जन बेटावर एकटे असल्याचे दाखवलेले ग्रिल्स हवाईतील चित्रीकरणाच्या काळात काही रात्री चक्क हॉटेलात झोपत होते, त्यांनी बांधलेला म्हणून दाखवलेला तराफा आधी पथकातील माणसांनी जोडून पाहिला होता आणि सिएरा नेवाडा पर्वतातील ‘रानटी’ घोडे भाड्याने आणलेले होते. त्यानंतर ग्रिल्स यांनी दिलगिरी व्यक्त केली, वाहिनीने काही भागांचे पुन्हा संपादन केले आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक सूचना येऊ लागली. जिवाला धोका असेल तेथे पथक मदत करते आणि काही प्रसंग तंत्र दाखवता यावे म्हणून मुद्दाम उभे केलेले असतात, असा तिचा आशय होता. ती सूचना आजही बहुतेक प्रेक्षक जाहिरातीसारखी डोळ्यांआड करतात.

आता मुलाची बाजू. ग्रिल्स ब्रिटिश सैन्याच्या विशेष राखीव दलात होते आणि 1998 मध्ये त्यांनी एव्हरेस्ट सर केले, म्हणजे अंगात कसब नाही असे कोणी म्हणू शकत नाही. कडा उतरतात ते स्वतः उतरतात, किडा चावून खातात तोही खराच असतो. बनावट असते ती परिस्थिती. माणूस खरोखर हरवलेला नसतो, भुकेने खरोखर कासावीस झालेला नसतो आणि संध्याकाळी कोठे जायचे हे त्याला सकाळीच ठाऊक असते.

मुलाला एवढेच विचारायला सांगा : या क्षणी कॅमेरा कोणाच्या हातात आहे? नायक दोर सोडून दरीत उतरत असताना त्याचे चित्र खालून दिसत असेल, तर कॅमेरावाला त्याच्या आधी, आपल्या जड सामानासह, खाली पोहोचलेला आहे. म्हणजे तेथे जाण्याची दुसरी, सोपी वाट आहे. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. हॉटेलातल्या झोपेने कोणाचे नुकसान होत नाही, पण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत काहीतरी घडत राहिले पाहिजे या गरजेपोटी नायक सतत धावतो, नदीत उडी घेतो, कड्यावरून घसरत उतरतो. आणि खरोखर वाट चुकलेल्या माणसाने नेमके हेच करू नये. त्याने थांबावे, बसावे, दिसेल अशा जागी राहावे. बसलेल्या माणसाचा कार्यक्रम मात्र कोणी पाहणार नाही.

प्रश्न : पंतप्रधान मोदी आणि ग्रिल्स यांच्या, कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात चित्रित झालेल्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’च्या भागात एक हिंदीत आणि दुसरा इंग्रजीत बोलत होता, तरी संवाद अडखळत नव्हता. हे कसे? (एक निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : तो भाग 12 ऑगस्ट 2019 रोजी दाखवला गेला आणि त्याच महिन्यातील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीच याचा खुलासा केला : ग्रिल्स यांच्या कानात बिनतारी उपकरण होते आणि त्यातून त्यांना लगोलग भाषांतर ऐकू येत होते. यात फसवणूक काहीच नाही. तरी रानात दोघेच चालले आहेत असे ज्या दृश्यात वाटते, त्याच दृश्यात आवाजाच्या कक्षेत एक दुभाषाही काम करतो आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रश्न : ‘अलोन’ या कार्यक्रमात स्पर्धक स्वतःच चित्रीकरण करतात. मग तो तरी खरा मानायचा का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : कॅमेऱ्याची कसोटी लावली तर तो इतरांपेक्षा बराच सरस ठरतो. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर चित्रित झालेले त्याचे पहिले पर्व 2015 मध्ये दाखवले गेले. दहा स्पर्धक, प्रत्येकाला ठरावीक यादीतून निवडलेल्या दहा वस्तू, एकमेकांपासून दूर सोडलेले. शेवटी उरेल तो विजेता. पहिला विजेता 56 दिवस टिकला. अधूनमधून वैद्यकीय तपासणी होते, हाती उपग्रहाशी जोडलेले उपकरण असते आणि ‘पुरे झाले’ असे कळवले की पथक येऊन घेऊन जाते. म्हणजे मरणाची भीती बरीचशी काढून घेतलेली असते, भूक मात्र अस्सल असते. कित्येकांना वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरल्यामुळे डॉक्टरांनीच बाहेर काढले आहे. सहाव्या पर्वाच्या विजेत्याने तर धनुष्यबाणाने मूस, म्हणजे सांबराहून कितीतरी मोठे जनावर, मारले होते. तरी 77 दिवसांच्या अखेरीस तो रोडावलेलाच दिसतो, कारण गोठवणाऱ्या थंडीत नुसत्या मांसावर भागत नाही, चरबी लागते. हाताशी मांस आणि अंगावर हाडे, हे दृश्य कोणत्याही पटकथाकाराला सुचले नसते.

अशा पद्धतीचा मूळपुरुष म्हणजे कॅनडाचे लेस स्ट्राउड. त्यांच्या ‘सर्व्हायव्हरमॅन’मध्ये ते सात-सात दिवस एकटे राहून स्वतःच चित्रीकरण करत. ते दूर क्षितिजाकडे चालत जाताना दिसले, की समजावे, कॅमेरा उचलायला तेवढेच अंतर परत यावे लागणार आहे. उपाशी पोटी एकच वाट तीन वेळा तुडवावी लागते. एकदा जाताना, एकदा परतताना आणि कॅमेरा खांद्यावर टाकून पुन्हा एकदा. अर्थात संपादन येथेही आहेच. दिवसचे दिवस चाललेल्या एकांतातून काही मिनिटे उचलली की रडणे आणि शिकार उरते, कंटाळा गळून जातो. आणि हे लोक सांगतात की कंटाळाच सर्वांत जड असतो.

प्रश्न : लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवण्याचा आम्ही मित्रांनी जुलैत तीन दिवस प्रयत्न केला. हाताला फोड आले, धूरही आला नाही. आमचे काय चुकले? (एक वाचक, होंडा-सत्तरी)

उत्तर : महिना चुकला. काही वर्षांपूर्वी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावात लघुपट करायला आलेल्या पथकाबरोबर सुरक्षेसाठी मी होतो. दिग्दर्शकाला पावसात पेटणारा विस्तव हवा होता आणि ते काम माझ्याच गळ्यात पडले. पहिल्या दिवशी दोरीच्या धनुकलीने लाकडी कांडी फिरवत राहिलो. खाचेत लाकडाचे पीठ पडायचे, पण ते काळे न होता तपकिरी आणि दमट राहायचे, बोटाला लावले तर चिकटायचे. दुसऱ्या दिवशी दोर तुटला. ज्यांच्या पडवीत आम्ही बसलो होतो त्या आजी सुपारी कातरत बराच वेळ गंमत पाहत होत्या, अखेर त्यांना राहवले नाही. ‘चुलींतलो इंगळो व्हर मरे!’ त्या म्हणाल्या. निखारा नेला नाही, पण त्यांच्याच चुलीवरच्या उतवात, म्हणजे धूर लागणाऱ्या मांडणीत, लाकडाचे दोन्ही तुकडे रात्रभर ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी धूर आला, काळे पीठ आले आणि नारळाच्या काथ्यात फुंकर घालून जाळ झाला. पडद्यावर या सगळ्याला वीस सेकंद मिळाली. आजी नाहीत, चूल नाही, तुटलेला दोर नाही. त्या वीस सेकंदांत खोटे काही नव्हते, हे मी आजही सांगेन. आणि ती पाहून कोणी पावसात रानात गेला तर तो गारठेल, हेही सांगेन.

आपल्याकडे अग्निमंथनाची परंपरा जुनी आहे. यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात, तेव्हा लाकूड खास निवडून, सुकवून, जपून ठेवलेले असते आणि दोरी ओढायला माणसेही असतात. पूर्वजांनी या विद्येला कर्मकांडाचा मान दिला तो ती अवघड म्हणूनच, असे मला नेहमी वाटते. आपण मात्र घट्ट झाकणाच्या डबीत लायटर ठेवावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडेही. ते ओले असले तरी पेटतात. हे प्रयोग अंगणात करावेत. अभयारण्यात आग पेटवणे हा गुन्हा आहे आणि मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगींची सत्तरीकरांना आठवण करून द्यावी लागू नये.

प्रश्न : वेलीतून पाणी पिणे, पालापाचोळ्याच्या गादीवर झोपणे, प्रसंगी मूत्र पिणे, यांतले आपल्या रानात काय चालेल? (एक वाचक, सांगे)

उत्तर : वेलीचे खरे आहे. सह्याद्रीतील उक्षीच्या जाड वेलीत पाणी असते आणि रानात वावरणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, काही झाडांच्या बुंध्यातही पाणी साठते. पण कोणत्या झाडात ते असेल हे ओळखायला आयुष्य रानात गेलेले असावे लागते. आणि वेल ओळखण्यात चूक झाली तर चीक पोटात जातो. शिवाय अभयारण्यात झाडाला कोयता लावता येत नाही. व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळूनच प्यावे, कारण वरच्या अंगाला गुरे बसलेली असू शकतात. मूत्र पिऊ नये. शरीराने बाहेर टाकलेले क्षार पुन्हा आत घेतले तर ते बाहेर काढायला आणखी पाणी खर्च होते.

पाचोळ्याच्या गादीविषयी मात्र मला ठासून सांगायचे आहे. थंड प्रदेशात ती जीव वाचवते, कारण जमीन अंगातील ऊब ओढून घेते. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, त्याचा जोर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतो आणि गोचिड्यांचा वावर पाचोळ्यातच असतो. परदेशी कार्यक्रमातील उत्तम सल्ला येथे नेमका उलटा पडतो, तो असा.

प्रश्न : साप चावल्यावर जखम कापून विष चोखण्याचे दृश्य मुलांनी पाहिले आहे. शाळेत त्यांना काय सांगावे? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, बर्फ लावू नये. अंगठी, कडे, घड्याळ उतरवावे, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवावा, चालवू नये आणि 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. पावसाळी झुडपांत दिसणारा हिरवा चापडा त्यात येत नाही, म्हणून त्याच्या चाव्यावर उपचार लक्षणांप्रमाणे होतात. हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, वाटेतील कोणा जाणत्याचे नाही.

प्रश्न : आम्ही पाच मित्र नेत्रावळीच्या रानात तंबू न नेता दोन रात्री राहून व्हिडिओ मालिका करणार आहोत. सोबत काय घ्यावे? (एक वाचक, केपे)

उत्तर : आधी वन खात्याची लेखी परवानगी. अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही आणि परदेशी वाहिन्याही ती घेऊनच येतात. पडद्यावर तेवढा कागद दाखवत नाहीत. जुलै 2023 मध्ये याच अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जायला बंदी घातली होती, म्हणून यंदाचे नियम काय आहेत हे वन खात्याच्या परिक्षेत्र (रेंज) कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. रात्री राहण्याची परवानगी मिळाली नाही, तर एखाद्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मालकाला विचारून चित्रीकरण करा आणि ते कुळागर आहे असे व्हिडिओत स्पष्ट लिहा. कोठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा, कारण आत मोबाईलला रेंज नसते. तुम्हा पाचांपैकी कॅमेरा धरणाऱ्याने नदीकाठी मागे मागे सरकत चित्रीकरण करू नये. डोळा पडद्यावर असला की पायाखालचा शेवाळलेला दगड दिसत नाही. आणि प्रत्येकाने एक शिट्टी गळ्यात अडकवा. पावसात आणि व्हाळाच्या आवाजात माणसाची हाक थोड्याच अंतरावर विरते आणि घसाही लवकर बसतो. शिट्टी कितीतरी पुढे पोहोचते.