लहानपणापासून घरात सगळ्याचं खापर माझ्यावर फुटतं. आता गणपतीला घरी जायचंय. यातून बरं कसं व्हायचं?

तुम्ही लिहिलंय: वय ३४, नोकरी डोंबिवलीला, घर चिपळूणजवळ. दूध नासलं तरी तुमच्यामुळे, भावाचं लग्न मोडलं तरी तुमच्यामुळे. असल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं, 'आईवडीलच ते, पोटात घाला'. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. पोटात घालून घालूनच तर माणूस इथवर येतो.

बळीचा बकरा कुणी उगाच पाळत नाही. एझ्रा व्होगेल आणि नॉर्मन बेल या समाजशास्त्रज्ञांनी १९६० साली हेच मांडलं होतं: नवराबायकोमधला न मिटलेला ताण एका मुलावर उतरतो, ते मूल 'बिघडलेलं' ठरलं की बाकी घर सुरळीत चालतं. म्हणजे तुम्ही किती चांगल्या वागता याचा निकालाशी काही संबंधच नाही. पाहिजे तेवढे पुरावे द्या, खटला चालू राहण्यातच घराची सोय आहे.

आता गणपती. जायचं ठरवलंत तर येण्याचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीत कोकणच्या गाड्या लगेच भरतात. परतीचं तिकीट हातात नसलं की 'राहा गं अजून दोन दिवस' यावर उत्तर सुचत नाही, आणि भांडणं त्या वाढीव दोन दिवसांतच होतात. पहिल्या खेपेला एक रात्र पुरे. गौरी जेवेपर्यंत थांबायचा हट्ट नको.

तुम्ही निघण्याआधीच खर्चाचा वाटा यूपीआयने पाठवा, शेऱ्यात 'गणपती खर्च' लिहा. 'हिने रुपया दिला नाही' हे येणारच आहे. आलं की मोबाइल काढून दाखवू नका. ती नोंद तुमच्यासाठी आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाला उद्या स्वतःचीच आठवण खोटी वाटायला लागते, तेव्हा ती उघडून बघायची.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची, आरती झाली आणि पानं मांडायची आहेत त्या अर्ध्या तासाची. सगळे दमलेले, भुकेले. मोदक फुटला, की 'हिचं नेहमीचंच' हे वाक्य येतं. इथे चूक एकच होते: आपण खुलासा करतो. 'उकड आधीच सैल होती, मी आत्ताच आले,' एवढं म्हटलंत की कोर्ट भरलं. मग २००३ सालची फुटलेली बरणीसुद्धा निघते. 'बरं' म्हणायचं आणि हातातलं काम संपवून पडवीत जायचं. पाय आपटत नाही, साधं पाणी प्यायला गेल्यासारखं. आणि हो, सगळी खरकटी एकटीने आवरायला उठू नका. बोलणी खाणारी आणि राबणारी या घरात बहुधा एकच असते, आणि राबून कुणी निर्दोष सुटत नाही.

गुणी ठरलेल्या भावाला आपल्या बाजूने ओढायला जाऊ नका. त्याची खुर्ची तुमच्या दोषावर उभी आहे, तो साक्ष देणार नाही.

सगळे जमलेत म्हणून हक्कसोडपत्र (मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद) पुढे आलं, तर त्या दिवशी सही नाही म्हणजे नाही. 'घरासाठी तू काय केलंस' म्हणत मुलींकडून सही घेतली जाते. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. वडिलांच्या स्वकमाईचं प्रकरण वेगळं. कागद वकिलाला दाखवा.

बरं कसं व्हायचं हा तुमचा खरा प्रश्न. भेटीनंतर त्याच रात्री दहा ओळी लिहा: कोण, काय शब्दांत बोललं, आणि त्याच्या आधी कशाचा विषय निघाला होता. विशेषणं नकोत. चारपाच नोंदी झाल्या की दिसायला लागतं, की बाबांच्या कर्जाचा किंवा भावाच्या दारूचा विषय निघाला की पुढच्या दहा मिनिटांत तुमचं नाव येतं. हे स्वतःच्या अक्षरात वाचलं की जो फरक पडतो तो माझ्या सांगण्याने पडणार नाही.

समुपदेशक गाठा, पण पहिल्याच भेटीत विचारा, 'आईला बोलावणार का?' घाईने एकत्र बसवलं तर तिथेही आरोपी तुम्हीच ठरता. आधी एकट्याने काही सत्रं. विवेकनिष्ठ उपचारपद्धती (मनातल्या हट्टी समजुती तपासून बदलायला शिकवणारी, आरईबीटी) यात कामाची आहे, कारण 'घरच्यांनी मला चांगलं म्हणायलाच हवं' यातल्या 'च'वर ती नेमकं बोट ठेवते.

आणि 'पण म्हातारपणी त्यांचं कोण पाहणार' म्हणणाऱ्यांना: आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने ती जबाबदारी सगळ्या सज्ञान मुलांची आहे, गुणी भावाचीही. दरमहा पैसे पाठवा, औषधं पाठवा. त्यासाठी पाटावर बसून शिव्या खाव्या लागत नाहीत.

हे आधी लिहायला हवं होतं: घरात हात उगारला जात असेल, किंवा लहानपणी अंगाशी चाळे केलेला माणूस तिथे येणार असेल, तर वरचं काही लागू नाही. जाऊच नका. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.