वाचकांचे प्रश्न : गणवेशातला उंच माणूस

प्रश्न : माझी मुलगी मोबाइलवर ‘नोइंग ब्रदर्स’ नावाचा कोरियन कार्यक्रम बघते. शाळेचा गणवेश घातलेली मोठी माणसं वर्गात बसून एकमेकांची टर उडवतात. त्यातला सगळ्यांत उंच, जरा चिडका माणूस पूर्वी मोठा बास्केटबॉलपटू होता, असं ती सांगते. खरं आहे का? आणि असेल तर त्याला हे असलं काम करायची काय गरज? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगी अगदी खरं सांगते आहे. तो सो जांग-हून. कॉलेजात मीही त्याच्यासारखी सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागेवर खेळायचे, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

उंची 207 सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फुटांहून थोडी जास्तच. लहानपणी तो बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे नंतर वळला. सोलच्या योन्से विद्यापीठाने 1993-94च्या हंगामात कंपन्यांच्या बलाढ्य संघांना हरवून राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कॉलेजच्या संघाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघाचा सेंटर होता पहिल्या वर्षाला असलेला हा मुलगा. पुढे व्यावसायिक लीगमध्ये त्याने 13,231 गुण केले आणि 5,235 रिबाउंड घेतले, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू पकडले. दहा हजार गुणांचा टप्पा तिथे सर्वांत आधी त्यानेच गाठला.

पण आकड्यांपेक्षा मला त्याची मान आठवते. जबर दुखापतीनंतर मानेला जाड पट्टा बांधून तो वर्षानुवर्षे खेळला. रिंगखाली कोपरं कशी बसतात हे ज्याने खाल्लंय त्यालाच ठाऊक. तशा मानेने रोज त्या गर्दीत शिरायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. तरीही प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांना तो आवडायचा नाही. रेफरींशी हुज्जत घालतो, सतत कपाळाला आठ्या, उंच आहे म्हणून गुण मिळतात, असं बोललं जायचं. शेवटचं मला आजही खटकतं. या सेंटरचा लांबून मारलेला जम्प शॉट, म्हणजे उडी घेऊन टाकलेला चेंडू, फार सुरेख होता, आणि तो शॉट काही उंचीने येत नाही.

मार्च 2013मध्ये तो निवृत्त झाला. शेवटच्या हंगामाचं मानधन, आणि त्यात पदरची तेवढीच भर घालून, ते पैसे त्याने योन्सेला देऊन टाकले. टीव्हीवर आला तो आधी पाहुणा म्हणून, आणि आपण मनोरंजनवाले नाही असं सांगत राहिला. लोकांना नेमका तो हट्टच आवडला. ‘नोइंग ब्रदर्स’ 2015च्या डिसेंबरात सुरू झाला. मैदानावर ज्या आठ्यांमुळे तो नकोसा व्हायचा, त्याच आठ्या आता घरोघरी लाडक्या झाल्या आहेत. टापटिपीच्या वेडावरून, मालकीच्या इमारतींवरून सहकारी त्याला छळतात आणि तो खरोखर वैतागतो.

गरज काय, असं तुम्ही विचारता. या कामात मला कमीपणा दिसत नाही. 2019पासून विनोदवीर ली सू-गुनबरोबर तो आणखी एक कार्यक्रम करतो. दोघं भविष्य सांगणाऱ्यांच्या वेशात बसतात, आणि माणसं घरातली भांडणं, कर्ज, मोडलेली नाती घेऊन समोर येतात. गालाला लाली लावलेला हा आडदांड माणूस त्यांचं सगळं ऐकून घेतो आणि मग तोंडावर सांगतो. गोड बोलून वेळ मारून नेत नाही. 2020मध्ये कलाकारांच्या हौशी बास्केटबॉल संघाचा तो प्रशिक्षक झाला होता. तिथे मात्र थट्टा बंद. ठरलेल्या चाली चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून.

मुलीला 2002च्या बुसान आशियाई स्पर्धेची अंतिम लढत शोधून दाखवा. समोर चीन, आणि चीनकडे याओ मिंग हा सेंटर, ज्याला त्याच वर्षी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत आधी घेतलं गेलं होतं. सामना जादा वेळेत गेला आणि कोरियाने 102-100 असा जिंकला. याओला अडवायला जे उभे राहिले, त्यांत सो होता.